गणपुले सरांचा पूर

सातवाहनांचं नाणं सापडावं म्हणून मी तीन आठवडे देव पाण्यात ठेवून बसले होते. नाणं सापडलं. त्याला मधोमध भोक होतं.

खड्ड्याच्या तळाशी तळेकर उकिडवे बसले होते. तळेकर आमच्या प्राचीन इतिहास विभागाचे ड्राफ्ट्समन. ते आले होते नकाशे काढायला, पण मजूर जेवायला गेले की खुरपं घेऊन स्वतःच खाली उतरायचे. त्यांनी ती चकती ब्रशने झटकली, डोळ्यासमोर धरली आणि भोकातून माझ्याकडे बघितलं.

"बाई, सातवाहन राजे भोकाचा पैसा पाडायचे का हो?"

मी शिडीवरून खाली उतरले. पदराने पुसून बघितलं. इंग्रजांचा मुकुट आणि साल १९४५. असाच एक पैसा आईने माझ्या धाकट्या भावाच्या करगोट्यात ओवला होता.

"घुशीने आणला असेल," मी म्हणाले.

"घूस पैसे घेऊन कुठे निघाली होती? बाजाराला?"

"तळेकर, जरा गप्प बसा."

खरं तर तो पैसा काय आहे हे आम्हा दोघांनाही पुरतं कळलं होतं.

उत्खनन करणाऱ्यांचा एक रिवाज आहे. काम संपलं की खड्डा बुजवायचा, आणि बुजवण्याआधी तळाशी एक चालू नाणं टाकायचं. पुढे कधी कुणी त्याच जागी खणायला आलं तर त्याला ते सापडतं आणि कळतं, की बाबा रे, तुझ्याआधी इथे कुणीतरी येऊन गेलंय, ही माती इतिहासाने टाकलेली नाही, आम्ही फावड्याने टाकलेली आहे. हा रिवाज मी दरवर्षी वर्गात शिकवत होते. परीक्षेलाही विचारत होते. आणि स्वतः मात्र दुसऱ्याने बुजवलेला खड्डा मोठ्या भक्तिभावाने पुन्हा उकरत बसले होते.

दुसऱ्याने म्हणजे कुणी, तेही शोधायला नको होतं. कासारडोहच्या या टेकाडावर आजवर एकच खड्डा खणला गेला होता. तो खणला होता १९४५च्या हिवाळ्यात, आमच्या गणपुले सरांनी.

डॉ. गणपुले म्हणजे आमचे विभागप्रमुख, माझे मार्गदर्शक आणि कासारडोहच्या महापुराचे एकमेव मालक. एम.ए.ला असताना त्यांना इथे सातवाहनांच्या वस्तीवर राखाडी गाळाचा थर सापडला. त्यावरून त्यांनी मांडलं, की इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या शेवटी नदीला महापूर आला, सगळं नगर एका पावसाळ्यात बुडालं आणि माणसं उठून गेली. त्या पुरावर सरांना पीएच.डी. मिळाली, प्रोफेसरकी मिळाली, जाडजूड ग्रंथ झाले. पुढे विभागात जो विद्यार्थी आला त्याच्या प्रबंधात पूर आलाच. माझा विषय होता सातवाहनकालीन मणी. तेसुद्धा शेवटच्या प्रकरणात वाहून गेले. विद्यापीठातले बाकीचे लोक आमच्या विभागाला पाटबंधारे खातं म्हणायचे. सरांना हे ठाऊक होतं. कुणी नवा प्राध्यापक ओळख करून घ्यायला आला की ते स्वतःच हात पुढे करून म्हणायचे, "मी गणपुले. पाटबंधारे."

सर १९८४च्या फेब्रुवारीअखेर निवृत्त होणार होते आणि विभागात अधिव्याख्यात्याची एक जागा निघाली होती. मी एकतीस वर्षांची होते. कितीतरी वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे जितके तास, तितकं मानधन, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हरी हरी. वडील एस.टी.त कंडक्टर, तेही त्याच वर्षी घरी बसणार होते. आई म्हणायची, "लग्न नको म्हणतेस, नोकरी लागत नाही. तुझ्या त्या सातवाहनांतलाच एखादा बघू का?" ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती, की विभागात त्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचंही मी टाळत असे.

मुलाखतीला जाताना माझ्या नावावर एखादं उत्खनन असावं म्हणून सरांनीच खटपट करून हे काम मला मिळवून दिलं. जागाही त्यांनीच दाखवली. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी, धुळीत जायला डॉक्टरांची सक्त मनाई. तरी जीपमधून आले, टेकाडावर चढले आणि छत्रीचं टोक जमिनीत रोवून म्हणाले, "इथे खण, शिरसाट. हे टेकाड मला तळहातासारखं पाठ आहे. माझा खड्डा पार तिकडे, चिंचेजवळ. इथे आजवर कुणी कुदळ लावलेली नाही."

"पण सर, चिंच कुठे दिसत नाही."

"तोडली असेल कुणी. चिंच तोडली म्हणून जागा हलते का?"

काम सुरू झालं. माती लोण्यासारखी निघत होती. आपलं नशीब जोरावर आहे, असं आम्हाला वाटलं. मग एकाच जागी सातवाहनांची खापरं, यादवांची खापरं आणि त्यांच्याच शेजारी कुणाची तरी चिलीम सापडली. तेव्हा हे नशीब जरा अतीच होतंय, अशी शंका यायला हवी होती. माझं हे पहिलंच उत्खनन. तोवर मी खड्डे पुस्तकातच बघितले होते, आणि पुस्तकातले खड्डे फार व्यवस्थित असतात.

आणि सरांचा गाळ? त्याचा पत्ता नव्हता. मी रोज सकाळी खड्ड्यात उतरून पूर शोधत होते आणि पूर काही येत नव्हता. शेवटी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पूर आलाच नव्हता! लोक इथे सातवाहनांपासून यादवांपर्यंत अखंड राहत होते, म्हणून तर सगळी खापरं एकमेकांत मिसळलीत. हा विचार सुचला त्या दिवशी मी आनंदाने दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दर रविवारी मी खापरांची टोपली घेऊन शहरात सरांच्या घरी जायचे. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून ते तुकडे बोटांनी चाचपायचे आणि प्रश्न विचारायचे. पहिल्या रविवारी मी माती किती मऊ आहे आणि काय काय एकत्र निघतंय ते कौतुकाने सांगितलं. दुसऱ्या रविवारी धीर करून म्हणाले, "सर, गाळ लागतच नाहीये. मला वाटतं... पूर आला नसावा."

आता हे मला घराबाहेर काढणार, असं मी धरून चालले होते. पण सर बराच वेळ हातातला तुकडा चाचपत राहिले. त्यांचा चेहरा इतका गंभीर मी कधी बघितला नव्हता. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दारात उभ्या होत्या. त्या तोंडाला पदर लावून लगबगीने आत निघून गेल्या. मला फार वाईट वाटलं. नवऱ्याचं आयुष्यभराचं काम असं बुडताना बघून कुणाला रडू येणार नाही?

"खणत राहा," सर एवढंच म्हणाले.

हे इथवर राहिलं असतं तर बरं होतं. पण तळेकरांचा मेहुणा एका दैनिकात बातमीदार होता. बुधवारी बातमी आली: 'कासारडोहला महापूर आलाच नव्हता! शिष्येचा गुरूला धक्का.' सोबत माझा फोटो, डोक्यावर मजुराची टोपली घेतलेला. आमचे कुलगुरू मूळचे गुरांचे डॉक्टर. सातवाहन आणि पेशवे यांत आधी कोण, हे त्यांना विचारायची सोय नव्हती. पण मोर्चा किंवा पेपरफुटी यांच्याशिवाय विद्यापीठाचं नाव छापून आलं, याचा त्यांना इतका आनंद झाला की ते चारचौघांत बोलून गेले, "विभागात अशीच तडफदार माणसं हवीत." याचा अर्थ शिपायापासून रजिस्ट्रारपर्यंत सगळ्यांना कळला. जागा माझीच होती. शनिवारी सरांचा निरोप समारंभ आणि पुढच्या मंगळवारी मुलाखत, तीही नावापुरतीच.

आणि आज शुक्रवार, आणि माझ्या हातात भोकाचा पैसा.

मी खुरपं घेतलं आणि खड्ड्याची बाजू खरवडायला सुरुवात केली. भुसभुशीत माती ढासळत गेली. हातभर आत गेल्यावर खुरपं कडक भिंतीला लागलं. ती खरी भिंत. माझा खड्डा लहान होता. तो सरांच्या मोठ्या खड्ड्याच्या पोटात अगदी मधोमध बसला होता. मी भिंत ब्रशने साफ केली. कमरेच्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वीतभर जाडीचा राखाडी गाळाचा पट्टा होता. सलग आणि गुळगुळीत. सरांचा पूर होता तिथेच होता.

तळेकर खाली मातीच्या ढिगावर बसले.

"आला म्हणायचा," ते म्हणाले.

"आला."

तळेकर डोक्यावरची टोपी काढून झटकत म्हणाले, "हे बघा बाई, माझा तळाचा नकाशा अजून झालेला नाही. मजूर जेवून आले की चार घमेली माती इकडे लोटतो, पैसा पुन्हा खाली टाकतो. सापडेल आणखी चाळीस वर्षांनी कुणाला तरी. तोवर आपण सगळे पेन्शनीत."

"आणि सर?"

"सर उद्या निवृत्तच होतायत. निवृत्त माणसाला पूर कशाला लागतो?"

"तळेकर!"

"बरं, नाही बोलत. पण मंगळवारी मुलाखत आहे तुमची, एवढं सांगितलं."

मला मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. चांगला सणसणीत झाला. त्या मोहाला फार वेळ मिळू नये म्हणूनच मी पैसा रुमालात बांधला आणि तशीच धुळीने माखलेली एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभी राहिले.

गाडीतले कंडक्टर वडिलांच्या ओळखीचे निघाले. त्यांनी तिकीट फाडता फाडता सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "ही आमच्या शिरसाटांची पोरगी! पेपरात फोटो आला हिचा. हिच्या बापाने काल अख्ख्या डेपोला पेढे वाटले." सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. एका म्हातारीने तर माझ्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी रुमालाची गाठ घट्ट धरून बसले होते. वडिलांना आजवर पेढे वाटायची संधी मी एकदाच दिली होती, आणि ती हीच होती.

सरांचं दार काकूंनी उघडलं.

"ये गं, कुंदा. बरी आलीस. उद्याचं भाषण ऐक. ह्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. कुठे अडखळतंय का ते कळेल."

सर वेताच्या खुर्चीत हिरवी पट्टी लावून बसले होते. "शिरसाट का? बस. तुझाच विषय आहे."

"सर, मला आधी थोडं बोलायचं होतं."

"आधी ऐकावं, मग बोलावं. एवढी वर्षं हेच शिकवलं ना मी?"

काकूंनी चष्मा लावला आणि कागद हातात घेतले. त्या पूर्वी शाळेत शिकवायच्या, त्यामुळे वाचन अगदी खणखणीत.

"'मित्रहो, अडतीस वर्षं मी एका पुराच्या पाण्यात उभा होतो. पाणी गुडघ्याला लागतंय, असं मी तुम्हा सर्वांना सांगत आलो आणि तुम्हीही माझ्या वयाकडे बघून ते मान्य करत आलात. परवा माझ्या एका विद्यार्थिनीने मला खाली बघायला लावलं. माझे पाय कोरडे आहेत.'"

"कसं वाटतंय?" सरांनी विचारलं.

"सर..."

"पुढे वाचा हो."

"'सगळीकडे जय मिळावा अशी इच्छा करावी, शिष्याकडून मात्र पराभव इच्छावा, असं आपल्याकडे म्हणतात. हे म्हणायला सोपं असतं. प्रत्यक्ष पराभव झाला तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र भूक लागली, आणि लक्षात आलं, की मला आनंद झालाय. कासारडोहला पूर आला नव्हता, हे मी आज आपणा सर्वांसमोर मान्य करतो. आणि विद्यापीठाला माझी विनंती आहे, की माझ्या मागे या विभागात...'"

काकू तिथे थांबल्या. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. सरांनी मान जराशी वळवली. पुढच्या वाक्यात माझं नाव आहे, हे मला कळत होतं. ते वाक्य ऐकून घ्यावं, निदान एकदा कानावर पडू द्यावं, असं फार वाटलं.

"सर, पूर आला होता," मी म्हणाले.

"काय?"

"पूर आला होता. मी आज दुपारी बघितला."

"कुठे बघितलास?"

"तुमच्या खड्ड्यात."

"माझा खड्डा चिंचेजवळ आहे."

"नाही सर. मी तीन आठवडे तुमच्याच खड्ड्यात खणतेय. गाळ लागत नव्हता, कारण तो तुम्ही आधीच काढून टाकला होता. मी तुमची टाकलेली माती उपसत होते." मी रुमाल सोडून पैसा त्यांच्या हातावर ठेवला. "हा तळाशी होता."

सरांनी तो बोटांनी चाचपला. भोकावर अंगठा फिरवला.

"हा मीच टाकला," मग ते म्हणाले. "आमच्या सरांनी टाकायला आणा दिला होता. मी त्या आण्याचा चहा प्यायलो आणि खड्ड्यात पैसा टाकला."

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. "हे मला कधी सांगितलं नव्हतंत."

"सगळं सांगायचं असतं का?" सर माझ्याकडे वळले. "काय गं तू, शिरसाट! इतकं झकास भाषण जमलं होतं. माझे पाय कोरडे आहेत म्हणे! आता उद्या काय बोलू मी?"

"सर, चूक माझी आहे."

"छत्री कुणी रोवली?"

"तुम्ही."

"मग?"

"पण माती तर मी बघत होते. मला कळायला हवं होतं."

"ते हवंच होतं. चांगलं हवं होतं." त्यांनी पैसा मला परत दिला. आता त्यांच्या आवाजातली थट्टा गेली होती. "हे उद्या सभेत सांगावं लागेल. आणि ते तुला सांगावं लागेल. पेपरात फोटो तुझा आलाय."

"हो, सर."

"कुलगुरू पहिल्या रांगेत असतील."

"हो."

"मंगळवारी तेच मुलाखत घेणार आहेत."

"ठाऊक आहे."

"नक्की सांगशील?"

"सर, सारखं विचारू नका हो, नाहीतर नाही सांगणार," मी म्हणाले आणि मला रडूच आलं. काकूंनी कागद खाली ठेवले आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी सभेत सांगितलं. मला भाषणं करायची सवय होती, पण वाक्यं अशी एकेक ओढून काढावी लागतील असं वाटलं नव्हतं. बुजवलेला खड्डा, असं म्हटलं तेव्हा सभागृहात एक शिटी वाजली. भोकाच्या पैशाशी आले तेव्हा लोक पोट धरून हसायला लागले. कुलगुरू हसले नाहीत. ते घड्याळाकडे बघत होते. मग सर उठले, "मी गणपुले. पाटबंधारे," म्हणाले आणि नेहमीप्रमाणे तासभर पुरावर बोलले. नेहमी झोपणारे नेहमीच्या ठिकाणी झोपले.

वडील शेवटच्या रांगेत बसले होते. घरी जाताना चौकात म्हणाले, "लोकांचे पेढे तर खाऊन झाले. आता काय ते परत मागायचे?"

मंगळवारच्या मुलाखतीत कुलगुरूंनी मला एकच प्रश्न विचारला, "यापुढे खणण्याआधी चौकशी करणार ना?" मी म्हणाले, करेन. सर टेबलाच्या टोकाला बसले होते. टाचणी उलटसुलट करत होते, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. जागा दुसऱ्या एका गृहस्थांना मिळाली. त्यांचा विषय लेणी हा होता. लेण्यांत पूर येत नाही.

मी तालुक्याच्या एका कॉलेजात लागले. तिथे इतिहासाबरोबर नागरिकशास्त्र शिकवलं, गॅदरिंगची नाटकं बसवली, आणि दर हिवाळ्यात कासारडोहला जाऊन खणलं. लेणीवाले गृहस्थ पुढे दिल्लीला गेले, मग मी विभागात आले. यथावकाश प्रमुखही झाले. कुठल्याही मातीला हात लावला की ती कुणी हलवलीय का, हे मला डोळे मिटून कळतं. विद्यार्थी याला माझी सिद्धी समजतात. मी त्यांचा समज मोडत नाही.

सरांकडे जाणं शेवटपर्यंत होतं. पण एक बारीकसा राग माझ्या मनात राहून गेला होता. त्या दिवशी मुलाखतीत एक शब्द, फक्त एक शब्द माझ्या बाजूने बोलले असते तर? हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आणि मग विचारायला सर राहिले नाहीत.

ते गेले त्या वर्षीच्या दिवाळीत मी काकूंना भेटायला गेले होते. सण करायचा नव्हता, पण त्यांनी माझ्यासाठी पोहे केले. खाता खाता माझ्या तोंडून तो प्रश्न निघूनच गेला.

"बोलले नाहीत कोण म्हणतं?" काकू म्हणाल्या. "तू बाहेर गेल्यावर दार लावून तासभर भांडले. शेवटी ते गुरांचे डॉक्टर म्हणाले, 'तिने तुमचा पूर तुम्हाला परत दिला, म्हणून तुम्ही तिची वकिली करताय.' यावर काय बोलणार? घरी येऊन पोरीची नोकरी गेली, पोरीची नोकरी गेली, असं करत बसले."

काकूंनी माझ्या बशीत आणखी पोहे वाढले.

"आणि आता सांगतेच. मी असेपर्यंत तिला सांगू नकोस, असं बजावलं होतं त्यांनी. तो खड्डा आपला आहे, हे ह्यांना आधीच कळलं होतं."

"कधी?"

"पहिल्याच रविवारी. तू टोपली उचलून फाटकाबाहेर गेलीस आणि हे खुर्चीत हसायला लागले. म्हणाले, अगं, मी त्या पोरीला माझ्याच खड्ड्यात उतरवली!"

"मग सांगितलं का नाही?"

"तेच म्हटलं मी. तर म्हणे, खणू दे आणखी एक आठवडा. बुजवलेला खड्डा एकदा खणला की माणूस जन्मात पुन्हा फसत नाही. दुसऱ्या रविवारी तू पूर आला नसावा म्हणालीस ना, तेव्हा मला तर हसू आवरेना. आत पळाले मी."

"मला वाटलं, तुम्हाला रडू आलं."

"कसलं रडू!" काकू आताही हसल्या. "पुढच्या वेळी सांगणारच होते. पण मध्येच ती मेली बातमी छापून आली, कुलगुरू तुझ्या नोकरीचं बोलले, आणि ह्यांची वाचाच बसली. आता खरं सांगितलं तर तुझी नोकरी जाणार."

"म्हणजे ते भाषण..." मी बशी खाली ठेवली. "माझी परीक्षा घेत होते? मी बोलते की नाही, ते बघायला?"

"नाही गं. मलाही तसंच वाटलं होतं. तू येण्याआधी, लिहून झाल्यावर मी विचारलं ह्यांना, की ही बोललीच नाही तर?"

काकूंनी सरांच्या रिकाम्या वेताच्या खुर्चीकडे बघितलं. मला तिकडे बघवत नव्हतं. सरांची इतकी आठवण ते गेले त्या दिवशीही आली नव्हती.

"तर म्हणाले, 'मग उद्या वाचायचं. लिहून कशाला घेतलंय? तिला नोकरी लागली पाहिजे. माझा पूर काय, अठराशे वर्षांपूर्वीच ओसरलाय.'"